पिशवीतले दप्तर

चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या मोठ्या कारखान्याच्या गेटसमोर सकाळी अकरा-बाराच्या सुमारास उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. माल भरलेला टेम्पो सावली शोधून थांबलेला असतो, ड्रायव्हर सीटवर आडवा झालेला असतो आणि माल घेऊन आलेला छोटा पुरवठादार मोबाईल कानाला लावून येरझाऱ्या घालत असतो. माल चांगला असतो, वेळेवर आलेला असतो. अडलेले असते ते बिल.

सोलापूर-पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्यात वसलेली ही औद्योगिक वसाहत शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स यांसारख्या कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. जेथे मोठा कारखाना उभा राहतो तेथे त्याच्या आधाराने लहान कामे करणारी मंडळीही जगतात. लाकडी पेट्या आणि पॅलेट बनविणारे, वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाले, लेथवर जॉबवर्क करणारे, मोटार रिवाइंडिंगवाले, भंगारवाले, टेम्पोवाले. या कामांत आपल्या समाजाचे अनेक कारागीर व व्यापारी पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या हातात हुन्नर आहे, कष्टाची तयारी आहे आणि गिऱ्हाईकही आहे. परंतु त्यांची कार्यशाळा शहरात, गिऱ्हाईक चिंचोळीत आणि हिशेब तिसऱ्याच ठिकाणी, एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात, अशी तीन टोके झाली आहेत. या तीन टोकांमध्ये धंद्याचा वेळ आणि पैसा कसा गळतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

प्रस्तुत लेखकावर दोन वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती. लाकडी पेट्यांचा माल घेऊन गेटवर पोचलो तेव्हा कळले की, बिलावर जुन्या परचेस ऑर्डरचा नंबर पडला आहे. ऑर्डर मध्यंतरी बदलली होती आणि नवी ऑर्डर ई-मेलने आलीही होती, पण ती मी उघडून पाहिली नव्हती. नेमका जुम्याचा दिवस. हिशेबनीस नमाजला गेलेले, त्यांच्या कार्यालयाला कुलूप. ते परत येऊन नवे बिल करीपर्यंत स्टोअरची माल घेण्याची वेळ संपली. पुढचे दोन दिवस मालमोजणीसाठी आवक बंद होती. चौथ्या दिवशी त्याच पेट्या घेऊन पुन्हा गेलो. टेम्पोचे भाडे दुप्पट, हमाली दुप्पट आणि महिना उलटल्यामुळे बिल पुढच्या महिन्याच्या यादीत गेले. कारखान्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. चूक माझ्या कागदात होती. पण जी चूक पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती, तिला चार दिवस लागले, कारण दुरुस्त करण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

त्यानंतर मी एक जुना, बारा इंची, वजनाला हलका लॅपटॉप साडेपंधरा हजार रुपयांना रोख घेतला. तो आज कापडी पिशवीत माझ्याबरोबर असतो. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, एसटी स्टँडवर, जेथे थांबावे लागेल तेथे बिल, चलन, कोटेशन, पत्र ही कामे मी उरकतो. या अनुभवावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, पंखे लावलेल्या ऑफिसपेक्षा आणि दुकानाच्या रंगरंगोटीपेक्षा छोट्या व्यापाऱ्याला व कारागिराला आज अशा पिशवीतल्या दप्तराची गरज जास्त आहे.

ही रीत नवी नाही

लॅपटॉप हे शिकलेल्या पोरांचे, कंपनीत नोकरी करणाऱ्यांचे साधन आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. टपरीवर बसून तो उघडायचा म्हणजे लोक हसतील, अशीही भीती असते. पण जरा मागे वळून पाहावे. आपले वडील-आजोबा आठवडे बाजार करीत फिरत, तेव्हा त्यांचे ऑफिस कोठे होते? कापडी पिशवीतली लाल चोपडी आणि कानावरची पेन्सिल, एवढेच त्यांचे कार्यालय होते. सौदा जेथे ठरला तेथेच तो लिहिला जाई. झाडाखाली, धर्मशाळेत, रेल्वेच्या डब्यात. दप्तर माणसाबरोबर फिरत असे. जीएसटी आणि संगणक आले तसे ते दप्तर आपल्या हातून सुटले आणि दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसले. छोटा लॅपटॉप काही नवे आणत नाही. तो आपली चोपडी आपल्याला परत देतो.

आपल्या दीनच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरामधील आहे (२:२८२), आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही त्यात बजावले आहे. ज्या उम्मतला ही शिकवण मिळाली, तिच्या व्यापाऱ्याने आपला हिशेब महिनामहिना न पाहावा, हे शोभणारे नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदिनेत रिकाम्या हाताने आले, तेव्हा त्यांनी मदतीचा मोठा देकार नम्रपणे नाकारून फक्त बाजाराचा रस्ता विचारला आणि तूप व सुकविलेल्या दह्याच्या व्यापारापासून सुरुवात केली. त्यांनी पेढी मांडण्याची वाट पाहिली नाही. जेथे बाजार तेथे त्यांचे काम सुरू झाले.

कागद उशिरा, तर पैसा उशिरा

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. यात आपल्या हक्काचा पैसा गुंतलेला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांचीच आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही तरतूद झाली की, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षी खर्चात दाखविता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो खर्च धरला जातो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे हिशेब विभाग आता मुदतीकडे लक्ष देऊ लागले आहेत. उशिराबद्दल कायद्याने देऊ केलेल्या व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहे, तो बाजूला ठेवू. पण आपले मूळ पैसे वेळेवर मागणे हा आपला हक्क आहे.

मात्र या कायद्यात एक मेख आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजली जाते. म्हणजे हरकतीच्या पत्राला उत्तर देण्यात आपण जितके दिवस घालवू, तितके दिवस आपलेच पैसे आपण मागे ढकलत असतो. ते पत्र ई-मेलमध्ये पडून आहे आणि आपण शनिवारी हिशेबनीसांकडे गेल्यावर ते वाचणार आहोत, तर नुकसान कोणाचे? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही ४५ दिवसांची तरतूद उत्पादन करणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना लागू आहे. ज्यांचे उद्यम नोंदणीपत्र केवळ खरेदी-विक्रीच्या व्यापाराचे आहे, त्यांना तिचा लाभ नाही. तेव्हा वेल्डर, लेथवाला, पेटी बनविणारा यांनी आपली नोंदणी कशात झाली आहे, हे आधी उघडून पाहावे.

ई-वे बिलाचेही तसेच आहे. राज्याबाहेर माल पाठविताना हे बिल १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात २५ मे २०१८ पासून लागू झाले. राज्याबाहेर ५० हजार रुपयांवरील, तर राज्यांतर्गत १ लाख रुपयांवरील मालाला ते लागते. आपल्या सोलापूरच्या कापड धंद्याला महाराष्ट्राने एक सवलत दिली आहे. सूत, कापड व तयार कपडे जॉबवर्कसाठी राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत नेताना, किंमत कितीही असली तरी, ई-वे बिल लागत नाही. ही सवलत ठाऊक नसल्यामुळे उगीच धावपळ करणारेही आहेत. उलट तोच माल जॉबवर्कसाठी विजापूर किंवा गुलबर्ग्याला, म्हणजे कर्नाटकात, पाठविला तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतेच, हे विसरून अडचणीत येणारेही आहेत.

वाटेत टेम्पो बिघडला आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर पुढे निघण्यापूर्वी नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलात भरावा लागतो. गाडीच्या नंबरातील एक-दोन अंकांची किरकोळ चूक असेल, तर सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार केंद्र व राज्य मिळून एक हजार रुपयांच्या दंडावर भागते. पण कागदच नसेल तर कराच्या दुप्पट दंड भरून माल सोडवावा लागतो. चूक लक्षात येताच जागच्या जागी दुरुस्त करणारा वाचतो. हिशेबनीसांचा फोन लागण्याची वाट पाहणारा अडकतो.

मोबाईल पुरेसा नाही काय?

हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, ई-वे बिल त्यावर निघते, पैसे पाठविता येतात, बिलाचे फोटो काढता येतात. फुटकळ विक्री करणाऱ्याला एवढे खरोखरच पुरेसे आहे. अशा बांधवांनी केवळ दुसऱ्याने घेतला म्हणून लॅपटॉप घेऊ नये. ती उधळपट्टी होईल.

परंतु ज्याचे गिऱ्हाईक कारखाना आहे, त्याचे काम निराळे असते. वीस ओळींची परचेस ऑर्डर एका बाजूला उघडून दुसऱ्या बाजूला आपले बिल ताडून पाहायचे, दरपत्रक तयार करायचे, पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखविलेली बिले आणि आपल्याकडची बिले महिन्याअखेर जुळवून पाहायची, टेंडरचे कागद जोडायचे, ही कामे चार बोटांच्या काचेवर होत नाहीत. झालीच तर चुका होतात. डोळे आखडून, बोटाने सरकवून केलेल्या हिशेबात एक शून्य कमी पडले, तर त्या पेटीवर आपण काय कमावले ते कळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हिशेबनीस आहेत, सीए आहेत, त्यांना आपण पैसे देतो, मग आपण कशाला डोके घालायचे? त्यांची गरज संपलेली नाही. विवरणपत्रे भरणे, कायद्याचा सल्ला देणे ही कामे जाणकारांचीच आहेत. पण रोजचे बिल करणे आणि वर्षाचा हिशेब तपासणे यांत फरक आहे. रोजचे बिल दुकानदाराच्या हातचे असावे. तेही दुसऱ्यावर सोपविले की हळूहळू आपले गिऱ्हाईक, आपले दर, आपली उधारी सगळे दुसऱ्याच्या कपाटात जाते आणि आपल्याच धंद्यात आपण पाहुणे होतो. किती येणे आहे, असे विचारले तर सांगता येत नाही, अशी अवस्था कित्येकांची आहे.

स्वस्त आणि हलका, पण पारखून

२००७ मध्ये तैवानच्या आसूस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा, एक किलोपेक्षा कमी वजनाचा संगणक काढला. तोपर्यंत लहान आणि हलका लॅपटॉप मोठ्या लॅपटॉपपेक्षा महाग असे. या छोट्या यंत्राने तो समज मोडला. आपल्याकडे जिओने जुलै २०२३ मध्ये ११.६ इंची ‘जिओबुक’ १६,४९९ रुपयांना आणला. असे संगणक ई-मेल, पत्रे आणि इंटरनेटवरील कामांसाठी चांगले. पण त्यातली यंत्रणा विंडोजची नाही. त्यामुळे टॅलीसारखे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही. आपले काम कशावर चालते, हे विचारल्याशिवाय केवळ किंमत पाहून खरेदी करू नये.

जुना घेणाऱ्यांनीही सावध राहावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यामुळे कंपन्यांतून निघालेले असंख्य लॅपटॉप स्वस्तात बाजारात येत आहेत. त्यांतील इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. विकणारा हे आपण होऊन सांगेलच असे नाही. पिढी कोणती, ८ जीबी मेमरी आहे काय, डिस्क एसएसडी आहे काय आणि बॅटरी खरोखर किती वेळ चालते, हे चार प्रश्न विचारावेत. बॅटरीसाठी तर दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहावे. बाहेर काम करायचे आहे आणि बॅटरी वीस मिनिटांत बसली, तर स्वस्तात घेतलेली वस्तू महागात पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो रोख घ्यावा. पन्नास-साठ हजारांचा चकचकीत लॅपटॉप हप्त्यावर घेऊन त्याचे व्याज भरणे हा आपला मार्ग नाही. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून जे विकले जाते, त्यातही प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट किती गेली, हे विचारावे. पंधरा हजारांच्या यंत्रावर होणारे बिल आणि साठ हजारांच्या यंत्रावर होणारे बिल यांत गेटवरच्या कारकुनाला काही फरक दिसत नाही.

टपरीवाल्याचा हक्क

सार्वजनिक ठिकाणी बसून काम करणाऱ्यावर काही जबाबदाऱ्या येतात. त्यांचा विचार आपल्याकडे कमी होतो. दहा रुपयांचा एक चहा घेऊन दोन तास बाक अडविणे, त्याच्याच बोर्डावर चार्जर लावणे आणि वर मोठ्याने फोनवर बोलत राहणे, यात त्या टपरीवाल्याचे नुकसान आहे. त्याचे गिऱ्हाईक उभे राहते आणि निघून जाते. हा बंद्याच्या हक्काचा, म्हणजे हक्कूल इबादचा, प्रश्न आहे. जेवणाच्या सुट्टीत कामगारांची गर्दी झाली की आपण उठावे. वीज वापरायची तर विचारून वापरावी आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. दोन तास बसलो तर दोन माणसांचा नाश्ता तरी मागवावा, एक आपला आणि एक ड्रायव्हरचा.

मशिदीविषयी तर स्पष्टच आहे. मशिदीत खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. तेथे पंखा आहे, सावली आहे, वीज आहे म्हणून जोहरनंतर कोपऱ्यात बसून कोटेशन तयार करणे योग्य नव्हे. अजान झाली की झाकण मिटावे. दोन मिनिटांत बिल पूर्ण होईल, असे म्हणता म्हणता जमात निघून जाते, हा अनुभव नवा नाही.

उघड्यावरची अमानत

लॅपटॉपमध्ये केवळ आपला हिशेब नसतो. गिऱ्हाइकाचे दर, त्याच्या मालाचे नकाशे, दुसऱ्याचे बँक खाते, कामगारांची आधार कार्डे हे सगळे त्यात असते. ती लोकांची अमानत आहे. ती घेऊन आपण चौकात बसतो, तेव्हा चोपडी उघडी टाकून न जाण्याचा जुना नियम अधिक कडक पाळला पाहिजे.

पाठ भिंतीला लावून बसावे, म्हणजे मागून कोणी वाचणार नाही. शेजारच्या बाकावर आपल्याच धंद्यातला माणूस आपल्याच गेटसाठी थांबलेला असू शकतो, आणि आपला दर त्याने नुसता पाहिला तरी पुढची ऑर्डर गेली म्हणून समजावे. फुकटच्या वाय-फायवर बँकेचे व जीएसटीचे काम करू नये. रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून झाली. २०२० मध्ये गुगल त्यातून बाहेर पडल्यावर रेलटेलने ती चालू ठेवली आणि २०२१ पासून रोजची पहिली ३० मिनिटे मोफत, पुढे पैसे, अशी पद्धत आली. बातम्या किंवा गाड्यांचे वेळापत्रक पाहण्यास ते ठीक आहे. पैशाच्या कामाला मात्र आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉटच वापरावा. बिल करायला तर इंटरनेट लागतच नाही. सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसमध्ये रेंज गेली तरी हिशेब थांबण्याचे कारण नाही. गाव आल्यावर पाठवून द्यावे.

झेरॉक्सच्या दुकानात छापायला जातो तेव्हा बहुतेक चुका होतात. आपला पेनड्राइव्ह दहा लोकांच्या संगणकात फिरून आलेल्या यंत्रात घालणे म्हणजे रोग घरी आणणे. तेथे आपले व्हॉट्सॲप किंवा ई-मेल उघडले आणि बंद न करता निघालो, तर मागून येणाऱ्याला आपली सगळी पत्रे वाचता येतात. त्यापेक्षा फक्त छापायचे तेवढे बिल दुकानदाराच्या नंबरवर पाठवावे. डिजिटल सही दुसऱ्याकडे ठेवू नये. तसेच १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर शिरताना सर्वांनाच ओटीपी लागतो. तो आपल्याच मोबाईलवर येतो ना, हे तपासून घ्यावे. कित्येकांच्या नोंदणीत आजही हिशेबनीसांचा नंबर आहे. तो नंबर बंद असेल तर हातात लॅपटॉप असूनही उपयोग नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे अडविले जाण्याची शक्यता जास्त असते.

घरातले दुसरे टोक

दूर बसून काम करण्याचा विषय निघाला की आपण फक्त बाहेर फिरणाऱ्या पुरुषाचा विचार करतो. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत पुण्याच्या कंपन्यांत काम करणारी सोलापूरची अनेक मुले घरी आली आणि घरातूनच त्यांनी पुण्याचे काम केले. पुण्याचे काम सोलापुरात बसून होऊ शकते, तर चिंचोळीचे काम आपल्या पेठेतल्या घरात बसून का होऊ नये? आपल्या कितीतरी घरांत बी.कॉम. झालेली मुलगी किंवा सून आहे. तिचे शिक्षण लग्नाच्या बायोडाटापुरते उरते. तिच्या हाती एक लहान लॅपटॉप दिला, तर बाप गेटवर उभा असताना ती घरून बिल दुरुस्त करून पाठवू शकते, येण्याची यादी ठेवू शकते, थकलेल्या पैशांची स्मरणपत्रे लिहू शकते.

एक अट मात्र असावी. तिला या कामाचे ठरलेले वेतन द्यावे. घरचीच आहे म्हणून फुकट, हा हिशेब बरोबर नाही. हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापार करीत आणि आपल्या मालासाठी मोबदला ठरवून माणसे पाठवीत, हा इतिहास आपण सीरतच्या जलशात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो.

करता येण्याजोगे काही

एकेकट्याने साधन घेण्यापेक्षा मिळून काही करणे अधिक चांगले. ज्या जमातींकडे किंवा मोहल्ल्यांकडे बैतुलमाल आहे, त्यांनी शिलाई यंत्र आणि हातगाडीप्रमाणेच लॅपटॉपसाठीही कर्जे हसना द्यावे. पंधरा-सोळा हजारांची रक्कम दहा महिन्यांत परत येऊ शकते. ज्या तरुणांना टॅली येते त्यांनी इशानंतर आठवड्यातून दोन दिवस मोहल्ल्यातील कारागिरांना बिल आणि चलन करणे शिकवावे. दोन महिन्यांत रोजचे काम हाताला बसते.

चिंचोळीतील उद्योजकांकडेही एक विनंती आहे. गेटबाहेर छोट्या पुरवठादारांसाठी एक पत्र्याची शेड, एक लांब टेबल आणि दोन विजेचे बोर्ड एवढी सोय केली, तर माल परत जाण्याचे प्रमाण घटेल आणि त्यात कारखान्याचाही फायदा आहे. टपरीवाल्यांसाठी तर यात धंदा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला किंवा किराणा दुकानदारही कोणत्याही परवाना शुल्काशिवाय आपल्या दुकानातून वाय-फाय देऊ शकतो. त्याच्या जोडीला एक छोटा प्रिंटर ठेवला, तर गेटसमोरची टपरी ही पुरवठादारांची हक्काची जागा होईल.

रोजी देणारा अल्लाह आहे. परंतु त्याने दिलेली रोजी आपल्या हलगर्जीपणामुळे गेटवर अडकून पडत असेल, तर दोष नशिबाला देता येत नाही. माल उत्तम करण्यात आपले कारागीर कोणाला हार जाणारे नाहीत. कागदही तितकाच उत्तम, वेळेवर आणि स्वतःच्या हाताने करायला ते शिकले, तर टेम्पोच्या सावलीत फोन कानाला लावून उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. इन्शाअल्लाह, त्या वेळात ते आणखी एक पेटी ठोकतील.